बोटीवरचा पहिला हिवाळा: कोळसा की डिझेल?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील वगळून)

पत्रलेखिका मूळच्या सांगली जिल्ह्यातल्या. नवरा आणि तीन वर्षांची मुलगी यांच्यासह इंग्लंडमध्ये राहतात. भाडं परवडेना म्हणून मे महिन्यात त्यांनी ५७ फुटांची जुनी नॅरोबोट (कालव्यांतून जाणारी लांब, अरुंद बोट) विकत घेतली आणि ग्रँड युनियन कालव्यावर संसार थाटला. बोटीला कायमची जागा नाही, त्यामुळे दर चौदा दिवसांनी ती पुढे हलवावी लागते. पुढच्या बाजूला बैठकीत कोळशा-लाकडाचा एक जुना लोखंडी स्टोव्ह आहे, बाकी गरम करायचं साधन नाही. नवऱ्याचं म्हणणं, तो काढून टाकू आणि डिझेल हीटर व तीन रेडिएटर (आत गरम पाणी फिरणारे पत्रे) बसवू, म्हणजे बटण दाबलं की घरासारखी ऊब. पत्रलेखिकेला लहान मुलीजवळ विस्तव नकोच वाटतो, पण बटणावरही विश्वास बसत नाही. मागच्या बाजूच्या पलंगालगतची भिंत आत्ताच सकाळी ओली असते. डिसेंबरात सासूबाई दोन महिन्यांसाठी येणार आहेत. पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत. 'एका शब्दात सांगा, कोळसा की डिझेल?' असा त्यांचा प्रश्न आहे.

---

प्रिय मैत्रीण,

एका शब्दातलं उत्तर देईन, पण आधी तुमच्या पत्रातल्या एका ओळीपाशी थांबू द्या. 'भिंत ओली असते, म्हणजे स्टोव्हची ताकद कमी पडते' असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं, तुमचा निम्मा प्रश्न या ओळीत आहे आणि त्याचं उत्तर कुठल्याच हीटरकडे नाही.

ती ओल तुमच्या तिघांच्या श्वासाची आहे. झोपलेलं माणूस रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून पाव लिटरहून जास्त पाणी हवेत सोडतं. त्यात भर घाला कुकरची, चहाच्या आधणाची आणि दोरीवर वाळत घातलेल्या मुलीच्या कपड्यांची. गॅस तर जळतानाच पाणी तयार करतो: एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो वाफ होते. बोटीची आतली रुंदी जेमतेम सहा फूट, म्हणजे ही सगळी वाफ इतक्याशा हवेत कोंडलेली. मग ती सगळ्यांत गार जागा गाठते, म्हणजे खिडकीची ॲल्युमिनियमची चौकट, एकेरी काच आणि पाण्याच्या पातळीखालचं पोलाद. तुमच्या पलंगाच्या पलीकडे, लाकडी अस्तर आणि पत्र्यामागे, जानेवारीत चार-पाच अंशांचं पाणी असेल.

म्हणून वाफेला बाहेरची वाट मोकळी ठेवा. छतावरची गोल झाकणं आणि दारांच्या खालच्या जाळ्या थंडीत कुणीही बुजवू नये. सासूबाईंना गार झुळूक लागली की त्या मायेने तिथे कापड कोंबतील; आल्या दिवशीच त्यांना कारण समजावून सांगा. त्या वाटा स्टोव्हला लागणारी हवाही आणतात. खिडक्यांना आतून चुंबकपट्टीने चिकटणारे ॲक्रिलिकचे पत्रे लावा. गादीखाली हवा खेळेल अशी जाळी किंवा फळ्या घाला आणि आठवड्यातून एकदा गादी उभी करून ठेवा. कुकरला शिट्टी होताना वरची खिडकी उघडा, गार वाटलं तरी. हे सगळं एका नव्या हीटरच्या तुलनेत फार थोड्या पैशांत होतं, आणि हे न करता हीटर घेतलात तर खोली गरम राहील, भिंत मात्र ओलीच राहील.

आता तुमच्या यजमानांच्या म्हणण्याकडे येते. 'बटण दाबलं की घरासारखी ऊब' ही इच्छा मला पूर्ण समजते. पण घरातल्या बटणामागे न संपणारा गॅस आणि न संपणारी वीज असते. बोटीवरच्या बटणामागे तुमची टाकी आणि तुमची बॅटरी असते, आणि दोन्हींचा हिशेब तुम्हालाच ठेवायचा असतो.

वेबास्टो, एबरस्पेशर हे जे हीटर नॅरोबोटींवर सर्रास दिसतात, ते मुळात गाड्यांसाठी घडवलेले आहेत. पाच किलोवॅटचा हीटर पूर्ण जोरात तासाला साधारण ०.६ लिटर डिझेल घेतो. ते ठीक आहे. अडचण विजेची. सुरू होताना ज्वलनकक्ष तापवायला तो काही मिनिटं आठ-दहा अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतो, नंतर पंप आणि पंख्यासाठी सतत तीनेक अँपिअर. डिसेंबरात दिवस आठ तासांपेक्षाही लहान, छतावरचं सोलर नावापुरतं उरतं, आणि बोट बांधलेली असताना रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन किंवा जनरेटर चालवायला परवान्याच्या अटींनुसार मनाई आहे. म्हणजे हीटरची सगळ्यांत जास्त गरज असते नेमक्या त्याच तासांत बॅटरी भरायची सोय नसते.

मी बोटीवरचा माझा दुसरा हिवाळा फक्त डिझेल हीटरवर काढला. रात्री दोनला तो बंद पडला, पडद्यावर कमी व्होल्टेजचा संकेत. बसवणाऱ्याने बॅटरीपासून हीटरपर्यंत बारीक वायर टाकली होती; सुरू होतानाच्या ओढीत व्होल्टेज इतकं पडायचं की यंत्र स्वतःच माघार घ्यायचं. त्याच आठवड्यात कालवा गोठला. पाच दिवस बोट हलली नाही आणि इंधन घेऊन येणारी बोटही माझ्यापर्यंत पोचू शकली नाही. त्या पाच दिवसांनंतर मी ठरवलं की ऊब देणारी दोन साधनं हवीत, आणि दोन्ही एकाच कारणाने बंद पडणारी नकोत.

तर एका शब्दातलं उत्तर: कोळसा. यंदाच्या हिवाळ्यापुरतं आणि तुमच्या पैशांच्या मर्यादेत, आहे तो स्टोव्ह काढू नका, तो नीट करून घ्या. डिझेल हीटर पुढच्या वर्षी जोडीला येऊ दे, त्याच्या जागी नको.

कोळशाबद्दल तुमच्या मनात जी भीती आणि थोडी नाराजी आहे ('आईने चूल सोडून गॅस घेतला आणि मी उलटी चालले' असं तुम्ही लिहिलंय), तिच्याबद्दल बोलते. बंद लोखंडी स्टोव्ह आणि चूल यांत फरक आहे: त्याचं दार बंद असतं, धूर धुरांड्याने जातो, आणि हवा किती द्यायची ते तुमच्या हातात असतं. त्याला वीज लागत नाही. तो हवाही कोरडी ठेवतो, कारण जळण्यासाठी आतली दमट हवा ओढून धुरांड्याने बाहेर टाकतो आणि तिच्या जागी बाहेरची हवा आत येते. हिवाळ्यातली बाहेरची हवा ओली वाटते, पण तापली की कोरडीच असते. तुमच्या ओल्या भिंतीसाठी हा गुण मोठा आहे.

इंग्लंडमध्ये जुन्या पद्धतीचा घरगुती दगडी कोळसा विकायला आता बंदी आहे. पिशव्यांतला २०२१ मध्ये गेला, सुटा २०२३ मध्ये. तुम्हाला मिळतील त्या धूररहित कोळशाच्या वड्या. २५ किलोची पिशवी माफक आचेवर दोन ते तीन दिवस जाते. लाकूड घेतलंत तर वीस टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्याचं घ्या, आणि कालव्याकाठी पडलेली फांदी उचलून लगेच जाळू नका. ओलं लाकूड ऊब देत नाही, डांबर देतं; धुरांड्याखाली छतावर काळे ओघळ दिसले की समजायचं. जाळण्याची रीतही वेगळी आहे: कोळशाला हवा खालून, जाळीतून लागते, लाकडाला वरून, आणि लाकूड राखेच्या गादीवर चांगलं जळतं. कोळसा जाळताना मात्र खालचा राखेचा खण रोज रिकामा करावाच लागतो, नाहीतर जाळीला खालून थंडावा मिळत नाही आणि ती वाकते.

आजीच्या काळी रात्री निखाऱ्यांवर राख ओढून विस्तव राखायचे आणि सकाळी फुंकर मारून तोच चेतवायचे, हे तुम्ही ऐकलं असेल. इथे तेच करायचं. झोपण्याआधी राख हलवून खाली पाडायची, वड्या भरायच्या, त्या नीट पेटू द्यायच्या आणि मग हवा कमी करायची. घाईने, कोळसा काळा असतानाच हवा बंद केली की तो धुमसतो, आणि धुमसणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो.

या वायूबद्दल मी स्पष्टच लिहिणार आहे. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्याकडेही बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं उठलीच नाहीत, अशा बातम्या थंडीत येतात. जानेवारी २०१४ मध्ये व्हिटबी बंदरात एका मासेमारी बोटीवर दोन जण असेच गेले. ऊब हवी म्हणून त्यांनी गॅसचं ग्रिल पेटवून ठेवलं होतं. डिसेंबर २०१९ मध्ये यॉर्कला नदीत बांधलेल्या एका बोटीवर दोन जण गेले, आणि तिथे कारण होतं डिझेल हीटरच्या धूरनळीतली गळती. हे दुसरं उदाहरण यजमानांना मुद्दाम वाचून दाखवा. डिझेल घेतलं म्हणून हा धोका टळत नाही.

एप्रिल २०१९ पासून बोट सेफ्टी स्कीमच्या (बोटींच्या सुरक्षा-तपासणीच्या योजनेच्या) नियमांनुसार बोटीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असणं सक्तीचं आहे. तुमच्याकडे तो असेल, पण त्यावरची मुदतीची तारीख बघा आणि त्यावर ईएन ५०२९१-२ असा मानक क्रमांक आहे का ते पाहा. शेवटचा '२' म्हणजे बोटी आणि कॅराव्हॅनसाठीचा. एक स्टोव्हच्या बैठकीत आणि एक झोपायच्या जागी, असे दोन हवेत. आठवड्यातून एकदा बटण दाबून आवाज तपासा. सगळ्यांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं, मळमळलं, आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर तो सर्दीताप समजू नका. दारं उघडा, मुलीला घेऊन बाहेर पडा, मग मदत बोलवा. आणि गॅसची शेगडी ऊबेसाठी कधीही पेटवायची नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही.

स्टोव्ह नीट करून घ्या म्हणाले, त्यात काय काय येतं? आधी दार. दाराच्या कडेने काचतंतूची दोरी बसवलेली असते. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा. पट्टी सहज ओढून निघाली तर दोरी बदलायची वेळ झाली. मग आतल्या विटा. तडा चालतो, पडलेला तुकडा चालत नाही. वरच्या बाजूला धूर अडवणारी आडवी पट्टी असते, ती काढून तिच्यामागची राख झाडा. धूर घरात येण्याचं कारण बहुतेक वेळा तिथे सापडतं. धुरांडं ब्रशने महिन्यातून एकदा तरी साफ करायला हवं, लाकूड जास्त जाळत असाल तर आणखी लवकर. आणि सगळ्यांत महत्त्वाचे दोन सांधे: स्टोव्हपासून नळी निघते तो आणि नळी छतातून बाहेर पडते तो. बोट लॉकच्या (बोटीला कालव्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणाऱ्या दारांच्या हौदाच्या) भिंतीला आपटते, काठाला घासते, आणि दर धक्क्याने हे सांधे थोडे थोडे सुटतात. घरातल्या स्टोव्हला हा त्रास नसतो, म्हणून घरांची सवय असलेल्या कारागिराचं तिकडे दुर्लक्ष होऊ शकतं. बोटींवर काम करणाराच माणूस बोलवा आणि बीएस ८५११ या बोटींसाठीच्या मानकाप्रमाणे भिंतीपासूनचं अंतर आणि उष्णतारोधक फळी तपासून द्यायला सांगा. मुलीसाठी भोवती लोखंडी जाळीचं कुंपण हवं, आणि ते जमिनीला किंवा भिंतीला पक्कं केलेलं. नुसतं टेकवलेलं कुंपण तीन वर्षांचं मूल ओढून पाडतं.

राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, आणि बादली बाहेर. पुढच्या डेकवर ताडपत्रीचा मांडव असेल तर त्याच्या आतही नाही, कारण गरम राखही तोच वायू सोडते.

मागची खोली गार राहते, ही तुमची तक्रार खरी आहे. स्टोव्ह एका टोकाला, पलंग दुसऱ्या टोकाला, मध्ये लांबलचक बोळ. स्टोव्हवर ठेवायचे छोटे पंखे मिळतात, ते स्टोव्हच्याच उष्णतेवर फिरतात, वीज लागत नाही. त्यांनी थोडा फरक पडतो, फार नाही. खरा उपाय म्हणजे स्टोव्हच्या मागे पाण्याची टाकी. तुमच्या आजोळी तांब्याचा बंब असेल: मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. हे त्याचंच भावंड. तापलेलं पाणी हलकं होऊन नळीने वर चढतं, रेडिएटरमध्ये गार होऊन परत येतं, पंपही लागत नाही. मात्र नळीला सुरुवातीपासून शेवटपर्यंत चढ हवा आणि वर मोकळी टाकी हवी. बंबात पाणी नसताना जाळ घालायचा नाही, हा आपल्या घरांतला नियम इथेही तसाच्या तसा लागू आहे. तुमच्या स्टोव्हला अशी टाकी जोडता येते का, ते दुरुस्तीच्या वेळी विचारा. येत असेल तर पहिले उरलेले पैसे तिथे घाला.

पुढच्या वर्षी डिझेल हीटर घ्याल तेव्हासाठी थोडं लिहून ठेवते. पाच किलोवॅटला तीन छोटे रेडिएटर पुरत नाहीत. पाणी पटकन तापतं, यंत्र आच कमी करतं, बंद होतं, पुन्हा सुरू होतं, आणि मंद आचेवर आत काजळी साचून ते मरतं. त्याला काम पुरेसं द्या, गरम पाण्याची टाकीही त्याच फेऱ्यात जोडा, आणि चालवाल तेव्हा तास-दीड तास जोरात चालवा. जाड वायर. डिझेलसाठी इंजिनच्या नळीला फाटा न काढता टाकीतून स्वतंत्र नळी. उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा चालवा. थंडी लागण्याआधी डिझेलची टाकी काठोकाठ भरा, म्हणजे आत दव साचून पाणी होणार नाही. ज्यांना पिशव्या उचलणं झेपत नाही त्यांच्यासाठी रेफ्लेक्स, काबोला यांसारखे थेंबाथेंबाने डिझेल घेणारे स्टोव्हही आहेत. टाकी उंचावर असली तर त्यांना वीज लागत नाही. गॅसच्या बॉयलरचा विचार तुम्ही सोडून द्यावा असं मला वाटतं. १३ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट उष्णता असते. तीन किलोवॅटने सतत जाळलंत तर अडीच दिवस. विजेचे हीटर धक्क्यावर वीज असेल तिथेच.

आता जे तुम्ही विचारलं नाही ते. तुम्ही बोटीवरून काम करता, यजमान आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला जातात. म्हणजे स्टोव्ह ठेवला तर दिवसभर विस्तव तुमच्याकडे आणि हीटर घेतला तर यंत्र त्यांच्याकडे, अशी वाटणी न बोलताच होऊन बसेल. कदाचित तुम्हाला विस्तव नको वाटण्याचं एक कारण हेही असेल. दोघं बसून ठरवा: पिशव्या कोण आणणार, राख कोण काढणार, धुरांडं कोण साफ करणार, बॅटरीचा आकडा रोज कोण बघणार. आणि प्रत्येक काम दोघांनाही आलं पाहिजे. तुम्ही तापाने पडाल त्या दिवशी त्यांना स्टोव्ह पेटवता यायला हवा. २५ किलो उचलणं जड जात असेल तर दहा किलोच्या पिशव्या मागा. दोन आठवड्यांचा साठा कायम ठेवा, छतावर दोन्ही बाजूंना सारखा, नाहीतर बोट कलते. नोव्हेंबर ते मार्च कालव्यावर दुरुस्तीसाठी लॉक बंद असतात, त्याचं वेळापत्रक कालव्यांची देखभाल करणारा कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट आधीच जाहीर करतो; ते पाहून अशा पट्ट्यात राहा जिथे इंधनाची बोट येऊ शकते. थंडीत बोट हलवत राहणं झेपणार नाही असं वाटलं तर ट्रस्ट नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी हिवाळी जागा भाड्याने देतो, तीही चौकशी करा.

राहिल्या सासूबाई. त्यांना त्रास होईल असं तुम्ही गृहीत धरलंय. त्यांना विचारलंत का? ज्या बाईने चुलीवर घर चालवलं, बंब पेटवला, तिला तुमच्या स्टोव्हचं भय वाटणार नाही, उलट तो कसा राखायचा हे ती तुम्हाला शिकवेल अशी शक्यता मला जास्त वाटते. दमा असेल तर मात्र आधी सांगा. दार उघडताना आधी हवेची झडप मोकळी करून मग दार हळूहळू उघडायचं, म्हणजे धूर खोलीत येत नाही. त्यांना मागच्या पलंगावर झोपवू नका. बैठकीतला बाक त्यांना द्या, स्टोव्हपासून चार पावलांवर, आणि पायऱ्यांना हाताशी येईल अशी कठड्याची काठी आत्ताच बसवून घ्या, कारण डेकवर सकाळी बर्फाचा पापुद्रा असतो.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी वेळेसाठी घड्याळं एक तास मागे जातील. त्याआधी धुरांडं साफ करून घ्या, आणि जानेवारीत पलंगामागच्या भिंतीला हात लावून मला कळवा.